लाल-निळी पेन्सिल

गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता त्याने थेट विचारलं, "मामा, आजोबांच्या पुस्तकांत अँथनी डिमेलोंचं 'द वे टू लव्ह' होतं का रे?" मी आठवून पाहिलं आणि नाही म्हणालो. "डिमेलोंचं कुठलं तरी होतं, पण हे नाव नव्हतं." तो म्हणाला, "बरं, मग मागवतो. नवलच्या यादीत आहे, म्हणून म्हटलं घरात असेल तर बघावं." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. बाहेर पाऊस उघडत होता, पुन्हा पडत होता. गॅसवर चहाला उकळी आली होती. मी खोटं बोललो नव्हतो, त्या नावाचं पुस्तक आमच्या घरात खरंच कधी नव्हतं. तरी चहा गाळताना हात थांबला. कारण 'कुठलं तरी होतं' असं मी किती सहज म्हणून गेलो होतो, आणि ते कुठलं होतं आणि त्याचं काय झालं, हे मला नीट ठाऊक होतं.

ते मी रद्दीत घातलं होतं.

अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि सदाशिव पेठेतली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जायची होती. तात्पुरती भाड्याची जागा दोन खोल्यांची. काय न्यायचं आणि काय नाही, यावर आठवडाभर घरात बोलणं चाललेलं. रद्दीवाला जिन्याच्या चौकात काटा अडकवून उभा होता. अण्णांची ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि दासबोध आम्ही आधीच लाल कापडात बांधून बाजूला ठेवले होते, त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. उरलेल्या दीड-दोनशे पुस्तकांचे सुतळीने गठ्ठे बांधत होतो. एका गठ्ठ्यावर हे पातळसं इंग्रजी पुस्तक सगळ्यात वर आलं, म्हणून उघडून पाहिलं. प्रकाशकाचं नाव 'गुजरात साहित्य प्रकाश, आणंद'. आणंद म्हटलं की मला दूधच आठवतं, म्हणून ते लक्षात राहिलं. पुढे एका प्रकरणाच्या डोक्यावर बायबलातलं वचन होतं. माणसाने सगळं जग मिळवलं आणि स्वतःला गमावून बसला, तर त्याच्या हाती काय लाभ? त्यातल्या 'प्रॉफिट' या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात निळी टिक. रेघ पट्टी न लावता मारलेली, पण सरळ, आयुष्यभर लेजर तपासलेल्या हाताची. दहा-पंधरा सेकंद ते पुस्तक मी हातात धरलं असेल. धर्मोपदेशाचं काही तरी दिसतंय, कोण वाचणार, असं मनात आलं आणि मी ते परत ठेवून दिलं. काट्याची सुई थरथरली आणि थांबली.

तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता वाटतं की त्या दिवशी आम्ही अण्णांची पुजायची पुस्तकं ठेवली आणि त्यांची वाचायची पुस्तकं देऊन टाकली.

नवल म्हणजे नवल रविकांत. भाच्याच्या वयाच्या मुलांना आडनाव सांगावं लागत नाही. ट्विटर आणि उबरमध्ये अगदी सुरुवातीला पैसे घातलेला, 2010 साली एंजेललिस्ट, म्हणजे नव्या कंपन्या आणि गुंतवणूकदार यांची गाठ घालणारी वेबसाइट, उभी करणारा हा माणूस. भाचा आणि त्याचे दोन मित्र बाणेरला भाड्याच्या ऑफिसात स्वतःची कंपनी चालवत होते, तेव्हा भाचा नवलपर्यंत पोचला, आणि पोचला तो पैशाच्या वाटेने. 2018 मध्ये नवलने श्रीमंत कसं व्हावं यावर लिहिलेली ती ट्विटची लांबलचक माळ भाच्याने किती वेळा वाचली असेल, याची गणती नाही. मग फंडिंगची पुढची खेप आली नाही. आधी एक मित्र गेला, मग दुसरा, शेवटी ऑफिसच्या खुर्च्यासुद्धा विकल्या. त्या दिवसांत तो रात्र-रात्र जागा असायचा. बहीण मला फोन करून सांगायची, "दारं-खिडक्या लावून बसलाय, काही खात नाही." त्याच जागरणांत त्याने नवलच्या बोलण्याचं एरिक जॉर्गेन्सनने जमवलेलं पुस्तक फोनवर वाचलं. 2020 साली निघालेलं ते पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात शेवटी वाचायच्या पुस्तकांची यादी आहे. विज्ञान आहे, इतिहास आहे आणि मग कृष्णमूर्ती, ओशो, डिमेलो, मार्कस ऑरेलियस, हेसेची 'सिद्धार्थ' कादंबरी. पैसा कसा मिळवावा हे विचारायला गेलेला मुलगा त्या दारातून बाहेर पडला तो निराळाच प्रश्न घेऊन.

खरं सांगायचं तर यादी पाहिली आणि मला राग आला. ती फोनवर वर-खाली करत असताना माझ्या डोळ्यांसमोर नकाशा उभा राहिला. ओशो, म्हणजे कोरेगाव पार्कातला आश्रम. मी शाळेत असताना, 1974 नंतरच्या त्या वर्षांत, भगव्या झग्यातले परदेशी लोक कॅम्पात सायकलवरून जाताना आम्ही बघत उभे राहायचो. कृष्णमूर्तींच्या नावाने चालणारी सह्याद्री शाळा राजगुरुनगरजवळ, चासकमानच्या पाण्याच्या वर, डोंगरावर. आणि फादर डिमेलो हे मुंबईत जन्मलेले जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातले. त्यांनी पुण्यात सुरू केलेली साधना संस्था पुढे लोणावळ्याला गेली. घरातून निघालो तर दोन-अडीच तासांत यातल्या कुठल्याही ठिकाणी पोचता येईल. आणि माझ्या भाच्याला ही नावं कळायला कॅलिफोर्नियात बसलेला एक गुंतवणूकदार लागला. मी फोन हातात घेऊन म्हणायच्या बेतात होतो, "अरे, हे सगळं आपल्याकडे होतंच की." पण हे वाक्य कोणी म्हणावं? ज्याने वाचलं त्याने. मी यातलं काय वाचलं होतं? गाथेतले वीस-पंचवीस अभंग कानावरून गेलेले, ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय पाठ, तोही शाळेतल्या स्पर्धेपुरता. 'आपल्याकडे' म्हणजे लाल कापडात.

अण्णा बँकेत होते, सगळी नोकरी लेजरवर. रोजचं बॅलन्सिंग जुळेपर्यंत घरी यायचे नाहीत. तपासताना वापरायची ती एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी जाड पेन्सिल त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. निवृत्त झाले तरी ती खिशात राहिली, फक्त लेजरच्या जागी पुस्तकं आली. डिमेलोंचं पुस्तक त्यांना बँकेतल्या वसईच्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याने दिलं होतं. दोघांची दुपारच्या डब्याची मैत्री. ते नाताळात कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, आणायचे आणि आमच्याकडून दिवाळीचा डबा जायचा. संध्याकाळी पाचनंतर अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसत. समोरच्या वाड्यातल्या पारिजातकाची फुलं पहाटे पडायची, ती संध्याकाळपर्यंत सुकून तपकिरी झालेली असत, त्यांचा एक उतरता वास वर येत राही. अण्णा एक पान वाचत आणि पुस्तक मांडीवर पालथं घालत. पुष्कळ वेळाने पुन्हा उचलत आणि तेच पान वाचत. दहा-दहा दिवस एका पानावर असत. मला ते बघवत नसे. मी भोसरीच्या एका कारखान्यात पर्चेसला होतो, दिवसाला चाळीस फायली हलवायचो. वाटायचं, वय झालं, वाचलेलं राहत नाही.

'हे वाच' असं ते मला कधी म्हणाले नाहीत. पण एक गोष्ट आहे, ती मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. 2001 साली आमच्या कारखान्यात मंदी आली. व्हीआरएसचे कागद टेबलावर आले आणि सदतिसाव्या वर्षी मी घरी बसलो. मुलगी पहिलीत होती. रात्री झोप लागायची नाही. पंख्याच्या पात्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड फिरताना बघत पडून राहायचो. त्या दिवसांत एकदा सकाळी उठलो तर पलंगाशेजारच्या स्टुलावर हे पुस्तक पालथं घातलेलं होतं. अण्णाच ठेवून गेले असणार. मी त्यावर वर्तमानपत्र ठेवलं. नोकरीच्या जाहिरातींचं पान. दोन दिवसांनी ते पुस्तक तिथे नव्हतं. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही.

भाचा दारं-खिडक्या लावून बसला होता, तेव्हा मी त्याच्या उशाशी काय ठेवलं? पोहे घेऊन गेलो होतो. एका ओळखीच्याच्या कंपनीचा नंबर दिला होता. हे चुकलं असं मी म्हणणार नाही, पोहे त्याने खाल्ले आणि तो नंबर पुढे उपयोगीही पडला. पण त्याला जे हवं होतं, ते परक्याने दिलं.

हे कळल्यावर माझा राग हळूहळू उतरला. भाच्याने मला त्या माणसाबद्दल आणखी सांगितलं. लहानपणी भारतातून न्यूयॉर्कला गेलेलं घर, दोन मुलं आणि एकटी कमावणारी आई. शाळा सुटली की सरळ लायब्ररीत जायचं आणि मी घ्यायला येईपर्यंत तिथून हलायचं नाही, अशी तिची ताकीद. वस्ती चांगली नव्हती. म्हणजे पुस्तकांची गोडी लागायच्या आधी त्या मुलाला पुस्तकांचा आसरा मिळाला होता. मला ते चित्र फार लागलं. आईच्या वाटेकडे डोळे लावून एका टेबलापाशी बसलेलं पोर आणि भोवती रांगेने उभी पुस्तकं. पुढे त्या मुलाने किती कमावलं, हे माझ्या लेखी दुय्यम झालं. आणि त्याची वाचायची पद्धत ऐकली, तेव्हा तर मी चमकलोच. पुस्तक कुठूनही उघडावं. नाही रुचलं तर अपराधी न वाटता सोडावं. सगळं वाचण्यापेक्षा थोडी थोर पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचावीत. आम्हाला शाळेत पुस्तक अर्धवट सोडणं म्हणजे पानात अन्न टाकण्यासारखं शिकवलेलं. पण गॅलरीतले अण्णा दुसरं काय करत होते? वारकरी एकच अभंग चाळीस वर्षं म्हणतो, तो पाठ झाला नाही म्हणून का?

पुस्तक आलं त्या शनिवारी भाचा ते घेऊन घरी आला. नवं पुस्तक, खोक्यातून काढलेल्या कागदाचा तो कोरा वास. त्याने पहिलं प्रकरण उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. डोक्यावर बायबलातलं वचन. माणसाने सगळं जग मिळवलं आणि स्वतःला गमावून बसला, तर...

मी त्याला थांबवलं.

'प्रॉफिट' या शब्दाखाली रेघ नव्हती, एवढाच फरक होता. भाच्याने फोनवर शोधलं आणि उलगडा झाला. डिमेलो जून 1987 मध्ये न्यूयॉर्कला गेले असताना तिथेच वारले, वय अवघं 55. त्यांची ही शेवटची चिंतनं त्यांच्यामागे, 1991 साली, आणंदहून 'कॉल टू लव्ह' या नावाने निघाली. पुढे अमेरिकेतल्या प्रकाशकाने तीच 'द वे टू लव्ह' म्हणून छापली. पुस्तक एक, नावं दोन. भाच्याने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो, आणि उत्तर हो होतं. म्हणजे हो असतं, काटा जिन्यात अडकवला नसता तर.

मग मी त्याला सगळं सांगितलं. गठ्ठा, सुतळी, स्टूल आणि जाहिरातींचं पान, काही राखून ठेवलं नाही. तो बराच वेळ गप्प होता. "ते परत मिळेल का?" म्हणून विचारलं, आणि पुढचे दोन रविवार आम्ही दोघं अप्पा बळवंत चौकातल्या आणि डेक्कनच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे फिरलो. मिळणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. स्पर्धा परीक्षांची गाईडं, इंजिनिअरिंगची पुस्तकं, ओल धरलेल्या कादंबऱ्या. एका विक्रेत्याकडे डिमेलोंचं गोष्टींचं पुस्तक निघालं, 'द साँग ऑफ द बर्ड', मागचं पान फाटलेलं. कुणाच्या तरी घरून आलेलं. आत शाईच्या पेनाने नाव होतं, ते मी वाचलं नाही. पुस्तक घेतलं.

डिमेलोंच्या त्या पहिल्या प्रकरणात एक दाखला आहे. पर्यटकांनी भरलेली एक बस अतिशय सुंदर मुलखातून चालली आहे. सरोवरं, डोंगर, हिरवी शेतं, नद्या. पण खिडक्यांचे पडदे ओढलेले आहेत आणि आतले लोक मानाच्या जागेवर कुणी बसायचं, कौतुक कुणाचं व्हायचं, यावरून भांडताहेत, आणि प्रवास संपेपर्यंत भांडतच राहतात. भाचा हे वाचून झाल्यावर म्हणाला, "मामा, मी कंपनी काढायच्या आधी हिंजवडीला जायचो ना, त्या बसला खरंच पडदे होते. निळे. उन्हामुळे स्क्रीन दिसायची नाही, म्हणून आम्ही ते ओढायचो. पावसाळ्यात बाहेर डोंगर केवढे हिरवे असतील. मी तीन वर्षांत एकदाही पाहिले नाहीत." इतकंच बोलून तो पुन्हा पानाकडे वळला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझी कंपनीची बस भोसरीला जायची, तिला पडदे नव्हते, आणि मीही काही पाहिलं नव्हतं.

डिमेलो बायबलाच्या वचनापासून निघतात आणि जिथे पोचतात, तिथे कुठलाच धर्म आडवा येत नाही. त्यांचं सगळं लक्ष आसक्तीकडे आहे. हे मिळालं तरच मी सुखी होईन, अशी जी समजूत आपण घट्ट धरून बसतो, तिच्याकडे नुसतं नीट बघा, एवढंच ते सांगतात. सोडा म्हणत नाहीत, बघा म्हणतात. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. त्यानंतरच्या काही आवृत्त्यांत एक टीप असते, की ही पुस्तकं इतर धर्मांच्या, अज्ञेयवादी आणि नास्तिक वाचकांना त्यांच्या शोधात मदत व्हावी म्हणून लिहिलेली आहेत, कॅथलिकांना धर्मशिक्षण देण्यासाठी नव्हेत. ती टीप कुठल्या कारणाने घातली, तो चर्चचा प्रश्न आहे. मला मात्र ती वाचून भरून आलं. सदाशिव पेठेतल्या गॅलरीत, सकाळी संध्या केलेला एक निवृत्त बँक कर्मचारी मांडीवर हे पुस्तक पालथं घालून बसला होता. ज्याच्यासाठी लिहिलं, त्याच्याकडेच ते पोचलं होतं.

नवलचं इच्छेबद्दलचं एक वाक्य भाच्याच्या फोनच्या पडद्यावर असतं. इच्छा म्हणजे हवं ते मिळेपर्यंत दुःखी राहण्याचा आपण स्वतःशी केलेला करार. अण्णांनी कर्जाचे किती करार तपासले असतील. हे वाक्य त्यांना ऐकवता आलं असतं, तर ते काय म्हणाले असते याचा मी अंदाज करून पाहतो आणि मला करता येत नाही. चाळीस वर्षं एका घरात राहून मला त्यांचं मत सांगता येत नाही, याचं वाईट वाटतं, आणि हे वाईट वाटणं नवलच्या यादीमुळेच जागं झालं, म्हणून त्या माणसाबद्दल कृतज्ञताही वाटते. दोन्ही एकाच वेळी आहेत. एक आलं म्हणून दुसरं गेलं नाही. कृष्णमूर्तींनी 1929 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समधल्या ओमेनला हजारो अनुयायांसमोर आपलाच संघ बरखास्त केला आणि सत्याकडे जाणारी वाट नसते असं सांगितलं. भाचा आता तेही वाचतो आहे. वाट नसेल तर यादी तरी कशाला, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "यादी दारापर्यंतच असते, मामा. पण मला दारच माहीत नव्हतं."

मागच्या आठवड्यात तो पुन्हा आला. नवं घर मिळालं आहे आणि अजून सगळी खोकी उघडलेली नाहीत. अण्णांचा पत्र्याचा डबा काढला. जुनी पासबुकं, पेन्शनचे कागद, चष्म्याची काडी, आणि तळाशी ती पेन्सिल. बोटभर उरलेली. निळं टोक बरंच शिल्लक होतं. लाल टोक लाकडापर्यंत झिजून बुजलेलं. भाच्याने ती उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "आजोबा लाल कशाला वापरायचे आणि निळी कशाला?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी कधी विचारलं नाही."

त्याने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि लाल टोक हळूहळू तासलं. फरशीवर लाकडाची पातळ सालं आणि थोडी लाल भुकटी पडली. मग पुस्तक उघडून तो खिडकीशी बसला. बराच वेळ काहीच वाजलं नाही, फक्त खाली मिक्सरवाल्या गाडीचा आवाज येत होता. कागदावर पेन्सिल फिरल्याचं मी ऐकलं आणि मान वर केली. टोक काढलं होतं लाल, पण रेघ त्याने निळी मारली होती.

मी विचारलं, "निळी का?"

तो पुस्तक घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि ती ओळ मला वाचून दाखवू लागला.